टॅग न बघता केलेली पेरणी: सर्टिफिकेट न तपासणाऱ्या ॲपबद्दल

प्रश्न लातूरहून आला आहे. थोडक्यात असा: "आम्ही चौघं मिळून मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी अँड्रॉइड ॲप चालवतो. शेतकऱ्याचा माल, वजन, भाव, पट्टी आणि बँक खातं हे सगळं त्यात असतं. ॲप प्ले स्टोअरवर नाही, दुकानात जाऊन एपीके, म्हणजे ॲपची फाइल, थेट फोनमध्ये टाकून देतो. सुरुवातीला सर्व्हरशी जोडताना ‘ट्रस्ट अँकर फॉर सर्टिफिकेशन पाथ नॉट फाउंड’ अशी एरर यायची. नेटवर मिळालेला सात-आठ ओळींचा कोड टाकला आणि एरर गेली. दोन वर्षं झाली, काही बिघडलं नाही. आता ज्या कंपनीकडून पेमेंटची सोय घेतोय तिच्या ऑडिटमध्ये ‘इम्प्रॉपर सर्टिफिकेट व्हॅलिडेशन, तीव्रता उच्च’ असा शेरा आला. डेटा तर एचटीटीपीएसवरून एन्क्रिप्ट होऊनच जातो. आमच्यावर कोण हल्ला करणार? हे खरंच एवढं गंभीर आहे का? आणि ॲप बंद न पाडता दुरुस्त कसं करायचं?"

गंभीर आहे. शेरा वाढवून लिहिलेला नाही. मी छत्रपती संभाजीनगरात गेली सोळा वर्षं हेच तपासणीचं काम करतो, आणि मीही हाच शेरा दिला असता. दुरुस्ती मात्र तुम्हाला वाटते तेवढी अवघड नाही आणि त्यासाठी ॲप बंद ठेवावं लागणार नाही. पण आधी त्या कोडने नेमकं काय केलं ते समजून घ्या. ते न समजता दुरुस्ती केली तर सहा महिन्यांनी दुसरी एखादी एरर येईल आणि तुमच्यापैकीच कुणीतरी तोच कोड परत टाकेल. असं होताना मी खूपदा पाहिलंय.

त्या सात-आठ ओळी न बघताही मला माहीत आहेत. एक ट्रस्ट मॅनेजर, म्हणजे समोरच्यावर विश्वास ठेवायचा का ते ठरवणारा भाग, असतो, त्यात ‘चेक सर्व्हर ट्रस्टेड’ नावाचं फंक्शन असतं आणि त्या फंक्शनच्या कंसात काहीच नसतं. त्याखाली होस्टनेम व्हेरिफायर, म्हणजे सर्व्हरचं नाव जुळवणारा भाग, त्यात एकच ओळ: रिटर्न ट्रू, म्हणजे नेहमी ‘हो’. फोन सर्व्हरशी बोलायला लागला की सर्व्हर आपलं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, पुढे करतो. अँड्रॉइड ते या फंक्शनच्या हातात देतं आणि म्हणतं, बघ, काही खोट असेल तर एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेक. रिकामं फंक्शन काहीच फेकत नाही, आणि अँड्रॉइडच्या दृष्टीने गप्प बसणं म्हणजे होकार. समोर तुमचा सर्व्हर असो की कुणाचा लॅपटॉप, तुमचं ॲप सगळ्यांना सारखाच होकार देतं. मूळ अडचण जिथल्या तिथे आहे. ती सांगायला येणाऱ्यालाच तुम्ही घरी पाठवलंत.

डेटा एन्क्रिप्ट होऊन जातो हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण कुणासाठी एन्क्रिप्ट होतो? टीएलएसमध्ये, म्हणजे एचटीटीपीएसच्या मुळाशी असलेल्या सुरक्षित जोडणीत, फोन आणि समोरचा मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि पुढचं सगळं बोलणं त्या किल्लीने बंद होतं. समोर भामटा बसला असेल तर किल्ली भामट्याबरोबर ठरते. तो तुमचा डेटा उघडतो, वाचतो, हवा तर बदलतो, मग स्वतः तुमच्या खऱ्या सर्व्हरशी दुसरं टीएलएस कनेक्शन जोडून पुढे पाठवून देतो. दोन्ही बाजूंना एन्क्रिप्शन चालू असतं आणि तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीही वावगं दिसत नाही. दोन वर्षांत काही बिघडलं नाही असं तुम्ही लिहिलंत. बिघडलं असतं तर ते कळायची सोयच तुमच्याकडे नव्हती, म्हणून त्या दोन वर्षांवर भिस्त ठेवू नका.

लातूरच्या माणसाला हे बियाण्यावरून सांगणं सोपं जातं. मृगाच्या आधी कृषी सेवा केंद्रातून सोयाबीनची पिशवी घेताना जाणता शेतकरी टॅग बघतो. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, त्यावर वाण, लॉट नंबर, तपासणीची तारीख, वैधता आणि बीज प्रमाणीकरण यंत्रणेची सही. हे बियाणं पायाभूत बियाण्यापासून तयार झालेलं असतं, त्याचा टॅग पांढरा. पायाभूत बियाणं येतं पैदासकार बियाण्यापासून, त्याचा टॅग पिवळा. एमएयूएस-७१ सारखा वाण असेल तर त्याचं मूळ परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, आणि त्या पिवळ्या टॅगवर सही खुद्द पैदासकाराची. त्याच्या वर आणखी कुणी नसतं.

सर्टिफिकेटची साखळी अशीच चढत जाते. तुमच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट म्हणजे निळा टॅग. त्यावर इंटरमीजिएट, म्हणजे मधल्या सर्टिफिकेटची सही. मधल्यावर रूटची सही, आणि रूटवर त्याची स्वतःचीच. मग रूटवर विश्वास का ठेवायचा? कारण अशा शंभरावर रूट सर्टिफिकेटांची यादी फोनमध्ये आधीपासूनच असते, जशी परभणीची ओळख शेतकऱ्याला पिशवी हातात घेण्याआधीच असते. बाजारात हिरव्या लेबलचं सत्यप्रत बियाणंही मिळतं. त्याची हमी उत्पादक स्वतःच देतो. ते वाईटच असतं असं नाही, पण उत्पादक ओळखीचा असेल तरच त्या लेबलला किंमत. सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट म्हणजे हेच. तुमचा कोड मात्र टॅगचा रंगही बघत नाही. पिशवीला काहीतरी शिवलेलं आहे, एवढ्यावर पेरणी करून मोकळा होतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाड्यात केवढ्या तक्रारी झाल्या ते तुम्ही पाहिलं असेल, आणि दुबार पेरणीचा खर्च कुणाच्या माथी बसतो तेही तुम्हाला सांगायला नको.

माझ्या कामातला एक प्रसंग सांगतो. तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था होती. पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटांना तिने ॲप दिलं होतं: रक्कम टाकायची, ती सर्व्हरवर जायची आणि कमरेला लावलेल्या छोट्या प्रिंटरवर पावती निघायची. लेखी परवानगी घेऊन आम्ही तपासणी केली. मी लॅपटॉपचा हॉटस्पॉट चालू केला, एका एजंटकाकांचा फोन त्याला जोडला आणि मध्ये प्रॉक्सी, म्हणजे ये-जा करणारा डेटा अडवून पुढे पाठवणारा प्रोग्राम, बसवली. प्रॉक्सीचं सर्टिफिकेट मी तिथल्या तिथे, त्याच टेबलावर तयार केलेलं होतं. ॲपने ते मुकाट्याने घेतलं. पहिल्या मिनिटात लॉगिनचा पासवर्ड माझ्या पडद्यावर आला, त्यामागून खातेदारांची नावं, मोबाइल नंबर आणि शिलकी. व्यवस्थापक म्हणाले, "माहिती दिसली हे खरं, पण पैसे तर सुरक्षित आहेत ना?" म्हणून संस्थेच्या एका लिपिकाच्या चाचणी खात्यात काकांना २०० रुपये टाकायला सांगितलं आणि वाटेत मी त्या २०० चे २० केले. सर्व्हरने २० लिहून घेतले. सर्व्हरकडून आलेल्या उत्तरात मी पुन्हा २०० करून टाकले. पावती निघाली २०० ची.

खोलीत कुणी काही बोललं नाही. वीस-बावीस वर्षं उन्हातान्हात पिग्मी गोळा केलेले ते काका पावती हातात धरून एवढंच म्हणाले, "म्हणजे उद्या खात्यात कमी दिसलं असतं तर चोर मीच ठरलो असतो." तेव्हापासून माझ्यासाठी हा दोष डेटा फुटण्यापुरता राहिलेला नाही. पाळत ठेवणं हा त्यातला लहान भाग. मोठा भाग असा की आकडा बदलता येतो, आणि बदललेल्या आकड्याचा जाब व्यवहारातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाला द्यावा लागतो. तुमच्या ॲपमध्ये वजन आहे, भाव आहे, खातं क्रमांक आहे. पट्टीवर एक आणि सर्व्हरवर दुसरंच, असं झालं तर आडत्या आणि शेतकरी एकमेकांकडे बोट दाखवतील. वाटेत बसलेल्याचं नावही निघणार नाही.

आता "आमच्यावर कोण हल्ला करणार" या प्रश्नाकडे येतो. लातूरच्या मोंढ्यावर डोळा ठेवून कुणी बसलेलं असेलच असं मी म्हणत नाही. पण यातली बरीचशी कामं आपोआप चालणारे प्रोग्राम करतात आणि त्यांना गावाचं नाव लागत नाही. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचं मालवेअर उघडकीला आलं, तेव्हा संशोधकांच्या मते किमान ५४ देशांतले किमान ५ लाख राउटर आणि स्टोरेज उपकरणं त्याच्या ताब्यात होती, आणि त्यातला एक भाग राउटरमधून जाणाऱ्या वेब ट्रॅफिकमध्ये हात घालणारा होता. आडत दुकानातला राउटर कुणी बसवला आणि त्याचा पासवर्ड काय आहे, हे एकदा विचारून बघा. बहुतेक ठिकाणी खोक्यावर छापलेलाच पासवर्ड अजून चालू असतो. राउटर हातात आला की डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सोय, बदलता येतो, आणि डीएनएस बदलला की तुमच्या ॲपचं बोलणं हवं त्या मशीनकडे वळतं. सर्टिफिकेटची तपासणी जागेवर असती तर ॲप तिथेच थांबलं असतं. एसटी स्टँडवरचं फुकट वाय-फाय किंवा चहाच्या हॉटेलातलं नेट ही तर त्याहून सोपी जागा.

तपासणी म्हणजे नेमकं काय, यावर जरा थांबतो, कारण अर्धवट दुरुस्ती इथेच होते. काही जण रिकामं फंक्शन काढून त्यात एखादीच गोष्ट बघतात, बहुतेक वेळा तारीख, आणि निर्धास्त होतात. खऱ्या तपासणीत साखळीतली प्रत्येक सही गणिताने पडताळायची असते, साखळी ओळखीच्या रूटपर्यंत पोचायला हवी, प्रत्येक सर्टिफिकेटची मुदत चालू हवी. मधल्या सर्टिफिकेटला पुढे सही करायचा अधिकार आहे का, हेही बघायला हवं. प्रमाणित बियाण्याची पिशवी विकत घेतलेल्या शेतकऱ्याने पुढच्या वर्षी आपल्याच शेतातल्या सोयाबीनला निळा टॅग लावून विकायला सुरुवात केली तर? टॅग मिळाला म्हणून टॅग वाटायचा अधिकार मिळत नाही. मॉक्सी मार्लिनस्पाइक या संशोधकाने २००२ मध्ये दाखवून दिलं की इंटरनेट एक्सप्लोरर हाच अधिकार तपासत नव्हता. कुठल्याही साध्या वेबसाइटचं खरं सर्टिफिकेट हातात असलं की त्यावरून दुसऱ्या कुणाच्याही नावाचं सर्टिफिकेट काढता यायचं आणि ब्राउझर ते मानायचा.

आणि मग नाव. सर्वांत जास्त वेळा सुटणारी तपासणी ही. सर्टिफिकेट खरं आहे, पण ते तुमच्या डोमेनचं आहे का? टॅग अस्सल, पण पिशवी तुरीची, तर तो टॅग सोयाबीनसाठी काय कामाचा? लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून कुणालाही आपल्या डोमेनचं सर्टिफिकेट फुकट देतं, आणि ते चांगलंच आहे. पण त्याचा अर्थ भामट्याकडेही एक अस्सल सर्टिफिकेट असतंच, त्याच्या स्वतःच्या डोमेनचं. नाव न जुळवणारं ॲप तेवढ्यावर फसतं. २०१२ मध्ये स्टॅनफर्ड आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्राउझर सोडून इतर सॉफ्टवेअर तपासलं, तेव्हा ॲमेझॉन आणि पेपॅलच्या लायब्ररींमध्येही, म्हणजे इतरांनी वापरायच्या तयार कोडमध्येही, अशी भोकं सापडली. त्यातलं एक कारण मला आजही अस्वस्थ करतं. कर्ल या सर्व्हरशी बोलायच्या लायब्ररीमध्ये ‘व्हेरिफाय होस्ट’ नावाचा एक पर्याय आहे, त्याची योग्य किंमत २ होती. प्रोग्रामरांनी भल्या मनाने तिथे ‘ट्रू’ लिहिलं. ट्रू म्हणजे १, आणि १ चा अर्थ होता सर्टिफिकेटात काहीतरी नाव आहे एवढंच बघ, ते जुळतं का बघू नकोस. तपासणी चालू केली असं समजून त्यांनी ती बंद केली होती. कर्लच्या लेखकांनी पुढे त्या १ चा तो अर्थच काढून टाकला.

शेवटची गोष्ट म्हणजे सर्टिफिकेट पुढे करणाऱ्याकडे त्याची खासगी किल्ली खरोखर आहे का. सर्टिफिकेटात सार्वजनिक किल्ली लिहिलेली असते, आणि तिच्या जोडीची खासगी किल्ली फक्त खऱ्या मालकाकडे असते. सर्टिफिकेट ही उघड वस्तू आहे, तुमच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट मी आत्ता उतरवून घेऊ शकतो. टॅगचा फोटो कुणीही काढेल. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलच्या आयफोन आणि मॅकमध्ये नेमकी हीच तपासणी सुटलेली सापडली. कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा आली होती. पहिली अटीखाली होती, दुसरी मोकळी. त्यामुळे प्रत्येक वेळी कोड तिथून उडी मारून शेवटी जायचा, सही पडताळायची पायरी मध्येच राहायची आणि फंक्शन ‘सगळं ठीक’ असं उत्तर द्यायचं. पुढच्याच महिन्यात ग्नूटीएलएस या लायब्ररीत तसाच प्रकार निघाला: आतली एरर सांगणारा आकडा बाहेर ‘हो’ म्हणून वाचला जात होता. आणि २०२० च्या जानेवारीत विंडोज १० मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने एक दोष कळवला. एलिप्टिक कर्व्ह या गणिती पद्धतीच्या सर्टिफिकेटात विंडोज ओळखीच्या रूटची सार्वजनिक किल्ली जुळवून बघत होतं, पण ती किल्ली कुठल्या गणिती मापांवर उभी आहे ते बघत नव्हतं. मापं आपल्याला हवी तशी निवडली की तीच सार्वजनिक किल्ली देणारी दुसरी खासगी किल्ली बनवता यायची.

एवढा इतिहास सांगण्याचं कारण एकच. जगातले निष्णात लोक हा कोड लिहिताना चुकले आहेत. तेव्हा तुमच्या दुरुस्तीत स्वतः लिहिलेली पडताळणी अजिबात नको. अँड्रॉइडची मूळ पडताळणी आहे तशी चालू द्यायची आणि मूळ एरर का आली होती ते शोधायचं.

तुमच्या एररवरून माझा अंदाज असा की सर्व्हर मधलं सर्टिफिकेट पाठवतच नाही. हा घोळ फसवा आहे, कारण संगणकावरच्या ब्राउझरमध्ये तीच साइट व्यवस्थित उघडते. बरेच ब्राउझर हरवलेलं मधलं सर्टिफिकेट स्वतः शोधून आणतात किंवा आधी कुठेतरी पाहिलेलं वापरतात. अँड्रॉइड ॲप तसं करत नाही. निळा टॅग दिसतो, पिवळा ओळखीचा आहे, पण मधला पांढरा कुणी दाखवतच नाही, म्हणून साखळी जुळत नाही. मग ‘ब्राउझरमध्ये तर चालतंय, म्हणजे अँड्रॉइडच बिघडलंय’ असा समज होतो आणि कुणीतरी तो सात-आठ ओळींचा कोड शोधतो. त्या पतसंस्थेतही मूळ कारण हेच निघालं. दुरुस्ती सर्व्हरवर होती आणि तिला दहा मिनिटं लागली.

तपासायला ओपनएसएसएल या प्रोग्रामची ‘एस-क्लायंट’ आज्ञा चालवा: ‘कनेक्ट’मध्ये तुमचं डोमेन आणि पोर्ट ४४३, ‘सर्व्हरनेम’मध्ये पुन्हा तेच डोमेन, आणि ‘शोसर्ट्स’. उत्तरात एकच सर्टिफिकेट दिसलं आणि खाली ‘व्हेरिफाय रिटर्न कोड २१’ आलं तर माझा अंदाज बरोबर. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट आणून देणारा सर्टबॉट हा प्रोग्राम वापरत असाल तर तो चार फाइली देतो. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ‘सर्ट’ नावाची फाइल लावलेली असेल, तिच्या जागी ‘फुलचेन’, म्हणजे मधल्या सर्टिफिकेटासकट पूर्ण साखळीची फाइल, लावा आणि रीलोड करा. एक सूचना इथेच: सर्टबॉट सर्टिफिकेटचं आपोआप नूतनीकरण करतो, पण एन्जिनएक्स रीलोड झालं नाही तर ते जुनंच दाखवत बसतं आणि एका सकाळी सगळे फोन अडतात. नूतनीकरणानंतर रीलोड होईल अशी सोय त्याच वेळी करून ठेवा. वेबवरच्या सर्टिफिकेटांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होऊन २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवसांवर येणार आहे, त्यामुळे हाताने बदलू हा विचार आतापासूनच सोडा.

दुसरं कारण जुने फोन. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये लेट्स एन्क्रिप्टचा आजचा रूट नाही. त्यांना आधार देणारी जुनी क्रॉस-सही, म्हणजे त्या रूटवर दुसऱ्या जुन्या, ओळखीच्या रूटची सही, २०२४ च्या सप्टेंबरअखेर संपली. तुमच्या दुकानांमध्ये असे फोन नक्की असतील, आणि गरीब माणसाच्या हातातल्या फोनला "नवा घे" असं सांगणं मला पटत नाही. सर्व्हरशी बोलायला ओके-एचटीटीपी ही लायब्ररी वापरत असाल तर त्याच्या टीएलएस मॉड्यूलमध्ये ‘हँडशेक सर्टिफिकेट्स’ नावाची सोय आहे. तिच्यात फोनचे मूळ रूट आणि त्यांच्या जोडीला तुमचा एक रूट, असं सांगता येतं. पडताळणी पूर्ण होते, फक्त ओळखीच्या यादीत एक नाव वाढतं. रिकाम्या फंक्शनचा आणि या उपायाचा फरक नीट लक्षात घ्या.

कधी कधी दोष फोनच्या घड्याळात असतो. बॅटरी पूर्ण उतरलेला फोन मागच्याच एखाद्या सालात चालू होतो आणि त्याच्या लेखी तुमचं सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नसतं. अशा वेळी ॲपने नुसतं ‘एरर’ न म्हणता ‘फोनची तारीख तपासा’ असं मराठीत सांगावं. तपासणी बंद करायचा दबाव बहुतेक वेळा अशाच न समजणाऱ्या संदेशांमुळे येतो. आयपी पत्त्याने सर्व्हरला जोडत असाल तर तेही सोडा, डोमेनचं नाव वापरा.

ऑफिसातल्या चाचणी सर्व्हरवर सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट असेल तर त्यासाठीही पडताळणी मोडायची गरज नाही. अँड्रॉइड ७ पासून नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग नावाची एक्सएमएल फाइल आहे. तिच्यातल्या ‘डीबग ओव्हरराइड्स’मध्ये तुमचा चाचणीचा रूट लिहा. तो फक्त डीबग बिल्डमध्ये, म्हणजे तुमच्या चाचणीच्या आवृत्तीत, चालतो. दुकानात टाकायच्या एपीकेमध्ये तो लागूच होत नाही, म्हणजे विसरून राहायची भीती नाही.

मग सगळा कोड चाळा. रिकामा ट्रस्ट मॅनेजर आणि रिटर्न ट्रू तर काढालच, पण वेबव्ह्यूमधलं, म्हणजे ॲपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या भागातलं, ‘ऑन रिसीव्हड एसएसएल एरर’ बघा, त्यात ‘प्रोसीड’ असेल तर तोही तोच दोष. सर्व्हरच्या बाजूला शोधा: पायथनमध्ये ‘व्हेरिफाय फॉल्स’, नोडमध्ये ‘रिजेक्ट अनऑथराइज्ड फॉल्स’, पीएचपीच्या कर्लमध्ये ‘व्हेरिफाय पीअर’ शून्य, आणि शेल स्क्रिप्टमधला कर्लचा ‘के’. एसएमएस पाठवणारा किंवा बँकेशी बोलणारा कोड बहुधा इथे सापडतो, आणि ऑडिटवाल्यांनी फक्त ॲप पाहिलं असेल तर त्यांच्या नजरेतून तो सुटलेला असतो. गूगल प्लेने २०१६ पासून रिकाम्या ट्रस्ट मॅनेजरची ॲप नाकारायला सुरुवात केली. तुम्ही एपीके हाताने देता म्हणून तो अडसर तुम्हाला कधी भेटलाच नाही.

दुरुस्तीनंतर स्वतः हल्ला करून बघा. फोन प्रॉक्सीतून जोडा, पण प्रॉक्सीचं सर्टिफिकेट फोनमध्ये बसवू नका. बसवलंत तर तुम्हीच त्याची ओळख करून दिली, मग चाचणी कसली? ॲप अडलं पाहिजे. मग दुसरी चाचणी, जी बहुतेक जण करत नाहीत: दुसऱ्या एखाद्या डोमेनचं अस्सल सर्टिफिकेट लावून बघा. तिथेही अडलं पाहिजे. मुदत संपलेलं, चुकीच्या नावाचं आणि सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट दाखवणारे तयार पत्ते बॅडएसएसएल या साइटवर आहेत. चाचणीपुरता ॲपमधला सर्व्हरचा पत्ता बदलून तेही करता येतं.

कुणीतरी तुम्हाला पिनिंग करा असंही सांगेल, म्हणजे ॲपमध्ये ठरावीक किल्लीच पक्की करून टाकायची. तुमच्या एवढ्या चमूने सध्या ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. किल्ली बदलली आणि ॲप अद्ययावत झालं नाही तर ऐन हंगामात सगळी दुकानं बंद पडतील, आणि हाताने एपीके वाटणाऱ्यांना ते निस्तरायला आठवडा लागेल. सर्टिफिकेट देणारी संस्थाच चुकली तर, ही शंका रास्त आहे. २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत घुसून गूगलच्या नावाचं बनावट सर्टिफिकेट काढलं गेलं आणि ती संस्था बुडाली. २०१४ च्या जुलैत आपल्याकडच्या एनआयसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या डोमेनांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं होतं. त्यावरचा तुमच्या आवाक्यातला उपाय म्हणजे सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या सार्वजनिक नोंदींवर, म्हणजे निघालेल्या सर्टिफिकेटांच्या उघड वहीवर, लक्ष ठेवणं. तुमच्या डोमेनच्या नावाने नवीन सर्टिफिकेट निघालं की मेल येईल अशी सोय मिळते.

क्रम असा ठेवा. आज सर्व्हरवर पूर्ण साखळी लावा, त्याने जुनं ॲप बिघडत नाही. मग दुरुस्त एपीके आधी दोन-तीन दुकानांत चालवा, त्यात एखादा जुना फोन हवाच. जुन्याच सही-किल्लीने एपीके बनवा, नाहीतर फोन ते अपडेट म्हणून घेणार नाही आणि लोक जुनं काढून टाकताना न पाठवलेल्या पट्ट्या गमावतील. सगळीकडे पोचल्यावर जुन्या आवृत्तीला सर्व्हरने नकार द्यायचा, बाजार बंद असेल त्या दिवशी. त्यानंतर सगळे लॉगिन टोकन, म्हणजे एकदा लॉगिन झाल्यावर फोनमध्ये राहणारे परवाने, रद्द करा आणि पासवर्ड बदलून घ्या, कारण दोन वर्षं ते उघड्यावरून गेले आहेत असंच धरून चालायला हवं. बँक खात्याचे क्रमांक मधल्या काळात कुठे बदलले गेले का, हे मूळ कागदांशी ताडून बघा. काम कंटाळवाणं आहे, पण शेतकऱ्याचे पैसे तिथेच जातात.

पेमेंट कंपनीला उत्तर देताना दोष मान्य करा, कारण लिहा आणि वरच्या चाचण्यांचे स्क्रीनशॉट जोडा. आणि एस-क्लायंटचं उत्तर मला कळवा, खासगी किल्लीची फाइल सोडून. २१ आलं तर कोडला हात लावण्याआधी फुलचेन लावा. ०, म्हणजे सगळं ठीक, असं आलं आणि तरीही फोन नाकारत असेल तर फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती लिहा, तिथून पुढे बघू.